जेट-स्कीचं हाफ इंजिन: पिस्टन बदलण्याआधी आणि बदलताना

पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, खाडीला उधाण, आणि जेट-स्की ट्रेलरवर ताडपत्रीखाली. ठाणे-नवी मुंबईत इंजिन उघडायला याहून सोयीचा काळ नाही. हाफ इंजिन म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टन-रिंग एवढं वरचं काम; खालची क्रँकही उघडावी लागली तर ते फुल इंजिन. फक्त हवेचं भान ठेवा. होनिंग करून (दगडाने आतून बारीक रेघा मारून) ताजा केलेला बिडाचा सिलिंडर इथल्या जुलैच्या दमटपणात बघता बघता तांबूस होतो, त्यामुळे कोरड्या जागेची आणि तेलाच्या बाटलीची सोय आधी करायची, मग पाना हातात घ्यायचा.

इथलं सगळं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरच्या इंजिनाबद्दल आहे. उदाहरण म्हणून यामाहाचं ७०१ सीसीचं इंजिन घेतलंय: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६८ मिमी, दोन्ही सिलिंडर एकाच ओतीव ब्लॉकमध्ये, आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर. कावासाकी किंवा सी-डूच्या जुन्या टू-स्ट्रोकलाही पद्धत हीच, मापं ज्याच्या त्याच्या मॅन्युअलमधली. फोर-स्ट्रोक जेट-स्कीला यातलं फारसं लागू पडत नाही.

इंजिन चिकटलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये धरून बसला, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य येतं, ‘पिस्टन-रिंग टाकून देऊ.’ पिस्टन-रिंग टाकणं हे निम्मं काम. ज्या कारणाने जुना पिस्टन गेला ते तसंच राहिलं, तर नवाही त्याच वाटेने जातो, बहुतेक वेळा पहिल्याच टाकीत. म्हणून या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास असतो. तेव्हा हातात रॉकेलचा फडका घेऊ नका. आधी नीट बघा, फोटो काढा, मग पुसा.

उघडण्याआधी काँप्रेशन

दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाला अर्थ करा. वायरी मोकळ्या ठेवून स्टार्टर मारला तर सीडीआय युनिट (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडू शकतं, आणि ते पिस्टनपेक्षा महाग पडतं. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. निरोगी ७०१ साधारण १३० ते १५० पीएसआय दाखवतं. गेजागणिक आकडा थोडा हलतो, म्हणून दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका. तो १० टक्क्यांच्या वर गेला तर हेड उघडायलाच हवं. बॅटरी उतरलेली असेल तर दोन्ही आकडे कमी येतात आणि माणूस विनाकारण घाबरतो.

उतरवणं

बॅटरीचे दोन्ही टोक काढा. एक्झॉस्ट चेंबर, कार्ब्युरेटर, मग हेड, मग सिलिंडर ब्लॉक, असा क्रम. नळ्या काढताना प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. थंड पाण्याच्या नळ्यांची अदलाबदल झाली की इंजिन सुरू होतं, चालतं आणि पाण्यात गेल्यावर तापतं.

खाऱ्या पाण्यात फिरलेल्या इंजिनाची खरी परीक्षा बोल्टांवर होते. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचे आटे आणि मधे मीठ. बोल्ट हलत नसेल तर लांब पाइप लावून ओढू नका, तिथेच तो तुटतो. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी हीट गनने बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम गरम करा. मग आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, नंतर सोडवायचा, पुन्हा थोडा आवळायचा. ‘कट’ असा कोरडा आवाज आला की मीठ सुटलं. हीट गन वापरण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या बाजूला झालेल्या हव्यात आणि बोटीच्या पोटातली पेट्रोलची वाफ पूर्ण निघून गेलेली हवी. जेट-स्कीचा खालचा भाग बंद टबासारखा असतो, वाफ तिथे बसून राहते.

ब्लॉक सरळ वर उचला. पिस्टन मोकळे झाले की लगेच क्रँककेसच्या दोन्ही तोंडांत स्वच्छ, धागे न सुटणारं कापड कोंबा. गजन पिनचं (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचं) लॉक उडून क्रँकमध्ये पडलं, तर हाफ इंजिनचं फुल इंजिन होतं.

जुना पिस्टन वाचणं

घासल्याच्या खुणा कुठे आहेत त्यावरून कारण निघतं. ही ओळख पक्की करून घ्या.

चारही कोपऱ्यांवर उभे पट्टे असतील, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला. थंड इंजिनाला सुरू केल्याबरोबर पूर्ण थ्रॉटल दिला की असं होतं, किंवा मागच्या वेळी सिलिंडर बोअर करणाऱ्याने (आतून कापून मोठा करणाऱ्याने) पिस्टनभोवतीचा गाळा, म्हणजे मोकळी फट, कमी ठेवला. खुणा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर उष्णता किंवा ऑइलची कमतरता. इनटेकच्या बाजूला बारीक, मळकट ओरखडे म्हणजे आत रेती-माती गेली. माथ्याची कड वाळू मारल्यासारखी खडबडीत झाली असेल तर डेटोनेशन, म्हणजे पेट्रोल नीट जळण्याऐवजी धडाक्याने पेटणं. माथ्याच्या मधोमध भोक म्हणजे मिश्रण फार लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा होता.

दोन्ही पिस्टन सारखेच जळाले असतील तर कारण सामाईक: पाणी, पेट्रोल, ऑइल. एकच गेला असेल तर त्याच सिलिंडरचा कार्ब्युरेटर, त्याची पॅकिंग, त्याच बाजूचं क्रँक सील, त्याची ऑइलची नळी यांच्याकडे बोट जातं.

आपल्या खाडीत पहिला संशय पाण्यावर घ्यावा. बहुतेक जेट-स्कींमध्ये इंजिन थंड करणारं पाणी वेगळ्या पंपाने येत नाही, जेट पंपाच्याच दाबाने वर ढकललं जातं. खालच्या जाळीला प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा दोर अडकला की जोर कमी होतो आणि पाणीही. त्यात ठाणे खाडीचा गाळ. ओहोटीला उथळ पाण्यात गाडी घातली की चिखल पंपातून थेट पाण्याच्या वाटांत जातो आणि सिलिंडरच्या जॅकेटमध्ये बसून वाळतो. हेड काढल्यावर जॅकेटमध्ये करड्या मातीचा थर दिसला तर कारण सापडलं असं समजा. हा गाळ मऊ तार, पाण्याचा झोत आणि पातळ व्हिनेगर यांनी काढा. कडक ॲसिड ॲल्युमिनियमला खातं.

दुसरा संशय पेट्रोलवर. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण थोडं लीन पडतं. ते हवेतली ओल शोषतं आणि पुरेसं पाणी साचलं की वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे डायाफ्राम यालाच बळी पडतात. नव्वदच्या दशकातल्या सी-डूमध्ये करड्या रंगाच्या नळ्या असतील तर त्या आतून विरघळून हिरवा चिकट राप तयार होतो. तशा नळ्या सरळ फेकून द्या.

खालचं इंजिन बघून मगच खर्च

रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढा. उभी ढिलाई जाणवली तर बिग-एंड बेअरिंग (रॉडच्या खालच्या, क्रँककडच्या टोकाचं) गेलंय. रॉड बाजूला थोडा सरकणं स्वाभाविक आहे, त्याचं माप फिलर गेजने घेऊन मॅन्युअलशी ताडा. मग क्रँक हळूहळू फिरवा. करकर जाणवली किंवा बेअरिंगवर गंजाचे ठिपके दिसले, तर वरचं काम थांबवा. खारं पाणी एकदा क्रँकमध्ये जाऊन दोन दिवस राहिलेल्या इंजिनाला नवीन पिस्टन टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. याबाबतीत मिस्त्रीने ‘चालेल’ म्हटलं तरी चालवू नका.

सिलिंडरचं काम

आधी सिलिंडर कशाचा आहे ते बघा. भिंतीला आतून चुंबक घट्ट चिकटला तर बिडाची स्लीव्ह, बोअर मारता येते. ॲल्युमिनियमवर निकासिलचं (निकेल-सिलिकॉन कार्बाइडचं कडक) कोटिंग असेल तर चुंबक धरत नाही. तो सिलिंडर नेहमीच्या पद्धतीने बोअर करायचा नसतो.

बिडाच्या भिंतीवर पिस्टनचं ॲल्युमिनियम लिंपलं गेलं असेल, तर सगळं घासून काढण्याआधी पातळ म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर लावा. ॲल्युमिनियम फसफसून निघतं आणि संपलं की फसफस थांबते. ॲसिड पोर्टच्या (मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) ॲल्युमिनियमला लागू देऊ नका. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. कित्येकदा त्याखालची भिंत शाबूत निघते.

आता माप. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी पिनच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात, अशी सहा मापं घ्या. पोर्टच्या तोंडावर माप घेऊ नका. सिलिंडर ०.०५ मिमीपेक्षा जास्त लंबगोल झाला असेल किंवा नखाला लागणारा ओरखडा असेल, तर होनिंगने भागत नाही, बोअर करावीच लागते. ओव्हरसाइझ पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमीमध्ये मिळतात. सिलिंडर साफ होईल असा सगळ्यात छोटा साइझ घ्या, पुढच्या वेळेसाठी भिंत शिल्लक राहते. ब्लॉक एकच असल्याने दोन्ही सिलिंडर एकाच साइझला न्यावेत.

पिस्टन आधी विकत घ्या, मग बोअर मारा. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत काम टाकताना दोन्ही पिस्टन सोबत द्यायचे आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा ते खुणेने ठरवायचं. पिस्टन मोजायची जागा ठरलेली आहे: स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) खालच्या कडेपासून १० मिमी वर, गजन पिनच्या काटकोनात. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यातला गाळा पिस्टनच्या डब्यातल्या चिठ्ठीवर असतो. कास्ट (ओतीव) पिस्टनला तो कमी, फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनला जास्त, कारण फोर्ज्ड गरम झाल्यावर अधिक फुगतो. मोटरसायकलच्या सवयीने ‘अंदाजे दोन थाऊ’ (इंचाचे दोन हजारांश) धरणाऱ्या कारागिराला चिठ्ठी दाखवा आणि आकडा कागदावर लिहून द्या.

बोअर मारणाऱ्याला आणखी दोन गोष्टी सांगायच्या. पहिली होनिंगची: रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदणाऱ्या हव्यात, आणि स्प्रिंगचं तीन दगडांचं होन पोर्टमध्ये अडकून कडा फोडतं, तेव्हा घट्ट होन किंवा बॉल होनच वापरायचं. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात आणि तीच इंजिन खाते. बोअर मारल्यावर प्रत्येक पोर्टची कड पात्यासारखी धारदार राहते. रिंग तिथून जाताना किंचित बाहेर फुगते, धारेला अडते आणि तुटते. बारीक कानस आणि पाण्याच्या कागदाने प्रत्येक पोर्टची कड चारही बाजूंनी अर्धा ते एक मिमी मारून गोल करा, वरची आणि खालची कड विशेषकरून. बोट फिरवल्यावर काहीच टोचता कामा नये. एक्झॉस्ट पोर्टच्या मधोमध पूल असेल, तर तो तापून आत फुगतो म्हणून त्याला थोडी जास्तीची सूट द्यावी लागते. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

धुणं पेट्रोल-रॉकेलने नाही. होनिंगच्या दगडाची पूड त्यांनी रेघांमधून निघत नाही. गरम पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि ब्रश घेऊन घासा, पुसा, पुन्हा घासा. पांढरा फडका आतून फिरवल्यावर करडा झाला नाही की थांबा. पाणी लगेच पुसून, हवा मारून, टू-स्ट्रोक ऑइलचा हात फिरवा. धुणं आणि ऑइल यांच्यामध्ये चहासुद्धा नको.

हेड काचेवर ४०० नंबरचा पाण्याचा कागद ठेवून आठाच्या आकड्यात घासलं की सपाटी दिसते. ०.१ मिमीची फिलर पाती कुठे शिरत असेल तर ते सपाट करून घ्या. पॅकिंगच्या जागी मिठाने खाल्लेले खड्डे असतील तर तिथून पाणी सिलिंडरमध्ये येणारच, सीलंटचा थापा मारून ते थांबत नाही.

रिंगा आणि बांधणी

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि टोकांमधली फट मोजा. ढोबळ हिशोब असा की दर २५ मिमी बोअरमागे ०.१ मिमी. म्हणजे ८१ मिमीला साधारण ०.३२, आणि ०.४० पर्यंत ठीक. फट कमी असेल तर रिंग गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडतात. बारीक कानसीने एकाच टोकाला घासून फट वाढवा.

टू-स्ट्रोक पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची टोकं तिच्या दोन बाजूंना बसायला हवीत, म्हणजे रिंग फिरून पोर्टमध्ये अडकत नाही. टोकं पिनवर चढलेली राहिली तर ब्लॉक खाली बसताना रिंग मोडते. माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. स्मॉल-एंडचं (रॉडच्या वरच्या टोकाचं) नीडल बेअरिंग नवीन टाका आणि ऑइलमध्ये भिजवा. गजन पिन हाताने सरकली पाहिजे. हातोडीने ठोकली तर रॉड वाकतो. लॉक दर वेळी नवीन, आणि त्याचं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या धक्क्यांनी ते दाबलं जाऊन बाहेर पडतं.

बेसची पॅकिंग आधी होती त्याच जाडीची. जाडी बदलली की पोर्टचं टायमिंग आणि स्क्विश (पिस्टन वर असताना त्याच्या कडेची हेडपासूनची फट) दोन्ही बदलतात.

ब्लॉक बसवायला दोन माणसं हवीत. क्रँक १८० अंशांची असल्याने एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. वरच्या पिस्टनच्या स्कर्टखाली दोन पायांची लाकडी पट्टी ठेवा, म्हणजे तो डुलत नाही. सिलिंडरला, पिस्टनला, रिंगांना ऑइल लावा. एकाने ब्लॉक सरळ धरायचा, दुसऱ्याने बोटांनी रिंग दाबून वरचा पिस्टन आत घ्यायचा, मग पट्टी काढून खालचा. ब्लॉक अडला तर जोर लावू नका. उचला, रिंग कुठे बसली ते पुन्हा बघा. शेवटी क्रँककेसमधलं कापड काढलंय ना, ते ब्लॉक पूर्ण खाली नेण्याआधी मोठ्याने विचारून घ्या.

बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आडवे-तिडवे, दोन फेऱ्यांत आवळा: आधी निम्मा टॉर्क, मग पूर्ण. ७०१ च्या हेडच्या ८ मिमी बोल्टांना आधी १५ आणि मग ३० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा. आट्यांवर निळं लॉकटाइट लावलं तर कंपनाने बोल्ट सैलही होत नाहीत आणि आट्यांत मीठही शिरत नाही.

हेड पक्कं केल्यावर प्लगच्या भोकातून २ मिमी सोल्डर वायर सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, पिनच्या रेषेत, आणि क्रँक हाताने फिरवून चेपा. चेपलेली जाडी म्हणजे स्क्विश. ती १ मिमीच्या खाली आली तर कुठेतरी चुकलंय, इंजिन सुरू करू नका.

हवेची गळती

हे वगळलं जातं म्हणून वेगळं सांगायला हवं. इनटेक, एक्झॉस्ट आणि पल्सची नळी (क्रँककेसचा दाब पेट्रोल पंपाला देणारी) रबरी पत्रा आणि प्लेट लावून बंद करा, सायकलच्या पंपाने ८ पीएसआय हवा भरा आणि बघत बसा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे शोधा: बेसची पॅकिंग, रीड ब्लॉक (इनटेकच्या झडपांची चौकट), क्रँकची दोन्ही टोकं. क्रँक सीलमधून शिरलेली हवा मिश्रण लीन करते आणि एकच पिस्टन वारंवार जाळते. दाब १० च्या वर नेऊ नका, चांगलं सीलही सटकतं.

कार्ब्युरेटर याच वेळी उघडा. मिकुनी सुपर बीएन या कार्ब्युरेटरच्या आत पेट्रोलची छोटी जाळी असते. बाहेरचा फिल्टर बदलणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. नीडल, सीट आणि डायाफ्राम नवीन टाका. ऑइल पंप असेल तर नळीतली हवा पूर्ण काढा. हवेचा एक फुगा पिस्टनला मिनिटभर कोरडा ठेवतो.

सुरू करणं आणि पहिली टाकी

पहिल्या टाकीला ३२:१, म्हणजे १० लिटर पेट्रोलला ३१० मिली ऑइल. ऑइल पंप चालू असला तरी हे मिश्रण टाकीत घालाच. एरवी प्रीमिक्सवर (टाकीतच ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर) चालवत असाल तर ५०:१, १० लिटरला २०० मिली. ऑइल टू-स्ट्रोक मरीन, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं. मोटारगाडीचं फोर-स्ट्रोक ऑइल चालत नाही.

घरी नळावर चालवताना क्रम मोडू नका: आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरमध्ये चढतं. पाण्याशिवाय १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. एक-दोन मिनिटं आयडल, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा. पाणी बाहेर टाकणाऱ्या बारीक नळीतून धार येतेय का ते प्रत्येक वेळी बघा.

पाण्यात नेताना भरतीचं वेळापत्रक बघा. जेट पंपाखाली किमान ६० सेंमी पाणी हवं, नाहीतर काढलेला गाळ पुन्हा आत. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधलं पाणी फ्लेमिंगो अभयारण्यात येतं. तिथे चाचणी करू नका. पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नका, पण एकाच वेगावरही धरून बसू नका. सतत कमी-जास्त करत राहा, त्यानेच रिंग भिंतीला बसते. टाकी संपली की प्लग काढून रंग बघा: कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर गाडी किनाऱ्याला आणा आणि हवेची गळती, जेट आणि पेट्रोलच्या नळ्या पुन्हा तपासा. मग थंड इंजिनावर काँप्रेशन घ्या आणि आकडा तारखेसह सीटखालच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवा.